गुळाच्या सौद्यासाठी मॉडेल करताना एन्ट्रॉपी कुठे पुरते आणि गेम थिअरी कुठे लागते?

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या मार्केट यार्डात येणारा गूळ पाहून ‘हा रवा (गुळाची ढेप) साठवणीत टिकेल की काळा पडेल’ हे सांगणारं डिसीजन ट्री, म्हणजे एकेक प्रश्न विचारत निकालापर्यंत नेणारं मॉडेल, तुम्ही करताय. त्यासाठी इन्फर्मेशन गेन (एखादी गोष्ट पाहिल्यावर निकालाबद्दलची अनिश्चितता किती घटते ते माप) पुरेसा आहे का, आणि गेम थिअरीचा (समोरचाही आपली चाल पाहून वागतो तेव्हाच्या गणिताचा) संबंध कुठे येतो?

गेनवरून ट्री नक्की बनेल. पण त्या ट्रीच्या भरवशावर लगेच बोली लावू नका. कारण एका छोट्या हिशोबातून दाखवतो. आकडे गणित सोपं जावं म्हणून धरलेत, बाजारभाव समजू नका.

३० किलोचे १६ रवे घ्या. ८ टिकले, ८ काळे पडले. काहीच न पाहता अनिश्चितता १ बिट, म्हणजे नाणेफेकीइतकी. अनिश्चिततेचं हे माप म्हणजे एन्ट्रॉपी, गणितज्ञ क्लॉड शॅननचं, १९४८चं. आता रंग बघा: ८ पिवळ्याधमक रव्यांपैकी ७ टिकले, ८ तांबूस रव्यांपैकी एकच. दोन्ही ढिगांत ०.५४४ बिट अनिश्चितता उरते, म्हणून रंगाचा गेन ०.४५६. आता पावती क्रमांकाचा कॉलम चुकून आत राहिला तर? प्रत्येक रवा आपापल्या ढिगात एकटा, अनिश्चितता शून्य, गेन पूर्ण १ बिट. उद्या येणाऱ्या रव्याबद्दल मात्र त्यातून काहीच कळत नाही. रॉस क्विनलानच्या सी४.५ या ट्री बनवण्याच्या पद्धतीत यासाठी गेन रेशो आहे: गेनला विभागणीच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीने भागायचं. पावतीच्या १६ ढिगांची एन्ट्रॉपी ४ बिट, म्हणून ती १/४ = ०.२५ वर येते; रंगाच्या दोन ढिगांची १ बिट, म्हणून तो ०.४५६ वरच राहतो. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीच्या ट्रीमध्ये गेन रेशो नाही, तेव्हा असे कॉलम हातानेच काढा.

आणखी एक. १६ नोंदींत, दोन-दोन गट (दोन रंग, दोन निकाल) असताना, संबंध मुळीच नसला तरी सरासरी ०.०४५ बिटच्या आसपास गेन नुसत्या योगायोगाने दिसतो. निकालाचा कॉलम हजार वेळा पिसून दरवेळी गेन काढा. खरा गेन त्या गर्दीच्या बराच वर असेल तरच धरा.

आता बिटांचे रुपये करू. रवा टिकला तर २०० रुपये नफा, काळा पडला तर १०० तोटा. काहीच न पाहता घेतला तर सरासरी ५० नफा. रंग पाहून फक्त पिवळे घेतले तर पिवळ्या रव्यामागे १६२.५०, तांबूस सोडून द्यायचा. एकूण सरासरी ८१.२५. म्हणजे रंग पारखण्याची किंमत रव्यामागे ३१.२५ रुपये. पुढचं सगळं आधीच कळलं असतं तर ती किंमत ५० झाली असती. थोडक्यात, ४६ टक्के माहितीने ६२.५ टक्के पैसे मिळवून दिले. उलट काळ्या रव्यातही २० रुपये सुटत असते, तर गेन तोच ०.४५६ राहिला असता आणि पारखण्याची किंमत शून्य झाली असती, कारण तुम्ही दोन्ही रवे घेतलेच असते. म्हणून फीचर (रंगासारखा पाहायचा कॉलम) निवडताना बिटांच्या शेजारी रुपयांचा कॉलम ठेवाच. माझ्या मते बहुतेक प्रोजेक्टांत नेमकं हेच राहून जातं.

इथवर समोर फक्त निसर्ग होता. निसर्ग तुमचं मॉडेल वाचून वागणं बदलत नाही, गुऱ्हाळवाला बदलतो. गेम थिअरी लागते ती इथून. पिवळ्याला भाव मिळतो हे कळलं की काहिलीत हायड्रॉस (रंग उजळवणारं सोडियम हायड्रोसल्फाइट) पडतं. गूळ त्या दिवशी उजळ दिसतो, साठवणीत रंग पुन्हा उतरतो. समजा त्याच १६ पैकी टिकाऊ नसलेल्या ४ तांबूस रव्यांत ते घातलं. आता पिवळे १२, त्यांतले ७ टिकणारे. तांबूस ४, त्यांतला १ टिकणारा. गेन ०.०६२ वर आला, म्हणजे वर सांगितलेल्या योगायोगापेक्षा जेमतेम जास्त. पारखण्याची किंमत ३१.२५ वरून ६.२५ रुपयांवर. जुन्या नोंदींवरची अचूकता मात्र अजून तितकीच छान दिसत राहते, आणि फसगत तिथेच होते. म्हणून नोंदी तारखेने तोडा: जुन्या हंगामावर शिकवा, नव्या हंगामावर तपासा. एकत्र पिसून तोडू नका.

सौद्यातल्या बाकीच्या खरेदीदारांचंही तसंच. प्रत्येकाचा अंदाज खऱ्या किमतीच्या १०० रुपये खाली-वर कुठेही, सारख्याच शक्यतेने पडतो असं धरा. जो आपल्या अंदाजाइतकी बोली लावून जिंकतो, त्याचाच अंदाज सर्वांत फुगलेला असतो: दोघांत सरासरी ३३ रुपयांनी, पाच जणांत ६७, दहा जणांत ८२. याला विनर्स कर्स (जिंकणाऱ्याचा शाप) म्हणतात. बोली लावणारे वाढले की माणूस चढाओढीने वर जातो, खरं तर अंदाजातून जास्त वजा करायला हवं. आणि ही वजाबाकी फक्त तोटा टाळण्यापुरती. नफा हवा तर आणखी खाली यावं लागतं.

मग हायड्रॉसचं काय करायचं? त्यातून गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची तपासणी प्रत्येक रव्यावर परवडत नाही. गुऱ्हाळवाल्याला हायड्रॉस घालून रव्यामागे ४० रुपये सुटतात आणि पकडला गेला तर २०० जातात असं धरा. तपासणीची शक्यता ४०/(४०+२००), म्हणजे १/६ असली की त्याला घालणं न घालणं सारखंच. त्याहून थोडी जास्त ठेवली की घालणं परवडत नाही. पण सहावा, बारावा, अठरावा असे ठरावीक रवे तपासू नका. चार दिवसांत सगळ्यांना क्रम पाठ होतो आणि तुमच्या निवडीची एन्ट्रॉपी शून्य होते. सोपा उपाय फाशाचा: रवा काट्यावर चढला की फासा टाका, पाच किंवा सहा पडला तरच नमुना काढा. शक्यता १/३ होते, ४० आणि २०० हे आकडे थोडे चुकले तरी चालतं. आणि हे तपासलेले रवे वेगळ्या कॉलमात नोंदवा. नेमके संशयावरून नाही, फाशावरून निवडलेले असल्यामुळे पुढच्या हंगामात मॉडेल शिकवायला तेच सर्वांत भरवशाचे.