पगार नेमका कुणाचा बघायचा?

प्रिय बेटा,

‘काका, पगार पाहून शिक्षण निवडलं तर चुकीचं का?’ असं तू विचारलंस. अजिबात चुकीचं नाही. तुमच्या घरात तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. बाबा नागपूरच्या कळमना बाजारात अडत्याकडे दिवाणजी आहेत, धाकटा दहावीत आहे, घराचे हप्ते अजून चालू आहेत. अशा घरातल्या मुलीला ‘मनाला आवडेल ते कर, पैसा मागून येतोच’ असं कुणी सांगितलं की मला राग येतो. सांगणाऱ्याच्या मुलाचं चुकलं तर त्याच्या मागे घरचं काहीतरी उभं असतं. तुझं चुकलं तर भरपाई तुलाच करायची आहे. त्यामुळे तुझा ओढा भूगर्भशास्त्राकडे असताना बाबा ‘कम्प्युटर इंजिनिअरिंग घे’ म्हणतात ते पैशाच्या लोभानं, असं मनात आणू नकोस. त्यांना तुझी काळजी वाटते, आणि ती रास्त आहे.

पण कमाईचा विचार करायचा तर तो शेवटपर्यंत करायचा. आपल्याकडे तो अर्ध्यावर थांबतो. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. कर्ज मागताना आईवडील काय बोलतात ते मी ऐकलं, आणि पाच वर्षांनी हप्ता सुरू झाल्यावर त्याच घरातून काय बोललं जातं तेही ऐकलं. या दोन बोलण्यांमध्ये जे अंतर पडतं त्याबद्दल तुला लिहावंसं वाटलं.

जून-जुलैत वर्धा रोडवर कॉलेजांची होर्डिंग लागतात. एका मुलाचा हसरा फोटो आणि खाली डोळे दिपतील असा लाखांचा आकडा. तो आकडा खराच असतो, पण तो त्या एका मुलाचा असतो. तू विचारायचं ते मधल्या मुलाबद्दल. नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये जो येईल, त्याला किती मिळतात? हे शोधायला कुणाच्या ओळखी लागत नाहीत. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती भरतात तिच्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मीडियन म्हणजे मधला पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजनं ती माहिती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते. नसेल तर प्रवेशाच्या खिडकीवर सरळ माग. टाळाटाळ झाली तर काय ते समजून घे.

आता तुझ्या समोर जे कम्प्युटरचं सीट आहे त्याचा हिशेब करू. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या गुणवत्तेवरच्या प्रवेशफेरीत, तुझ्या पर्सेंटाइलवर ती शाखा लागत नाही, म्हणून मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, घ्यायची असं घरात चाललंय. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी पूर्ण माफ केली आहे. तू त्यात बसतेस. पण ही माफी कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यात गेलीस की एका सहीनं ती गेली. माझ्या मते हीच तुमच्या निर्णयातली सगळ्यात महाग गोष्ट आहे, आणि घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

मग कर्ज काढावं लागेल. धर की वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे ६ लाख. साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यामुळे कर्ज मिळेल. हप्ता शिक्षण संपल्यावर एका वर्षानं सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. १० टक्के दर धरला आणि मधली वर्षं सरळ व्याज लावलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत २ लाख १० हजार नुसतं व्याज झालेलं असतं. ८ लाख १० हजारांचा दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे १०,७००. दहा वर्षांत एकूण भरणा जवळपास १३ लाख.

आता दुसरी बाजू. मोठ्या सॉफ्टवेअर सेवा कंपन्या नव्या मुलांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. हातात येतात महिना पंचवीस हजारांच्या आत. हप्ता गेला की चौदा हजार उरतात. त्यात हिंजवडीत खोली, डबा, बस, आणि घरी पाठवायचे ते वेगळेच. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, तिथं लागली तर घरी राहून भागेल. पण पोस्टिंग आपल्या हातात नसतं. हा हिशेब कागदावर मांड आणि बाबांना दाखव. रोज जमाखर्च लिहिणारा माणूस आहे, त्यांना तो माझ्या भाषणापेक्षा लवकर पटेल.

कम्प्युटर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला त्यात गोडी आहे आणि कॅपमधून सीट मिळतं आहे, त्यानं बेलाशक घ्यावं. मला भीती आहे ती सगळ्यांनी एकाच वेळी एकाच दाराशी गर्दी करण्याची. बाबांना संत्र्याचं विचार. भाव चढला की त्या वर्षी काटोल-नरखेडकडे सगळे कलमं लावतात, फळ हाती येतं पाच-सहा वर्षांनी, आणि तेव्हा सगळ्यांच्या गाड्या एकदमच कळमन्यात उतरतात. शिक्षणातही आज दिसणारा पगार हा चार वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांचा असतो. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञानं १९७६ मध्ये अमेरिकेतल्या इंजिनिअरांबद्दल हेच दाखवलं होतं. पगार वाढला की प्रवेश वाढतात, ती मुलं बाहेर पडेपर्यंत पगार पडतो, मग प्रवेश घटतात. आणि आपल्याकडे तांत्रिक शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या याची मर्यादाच काढून टाकली. त्या जागा कुठल्या शाखेत वाढल्या असतील हे तुला सांगायला नको.

डी.एड.चे दिवस तू पाहिले नाहीस. दोन वर्षांत सरकारी नोकरी, म्हणून रामटेक, उमरेड, कुही इकडच्या घरांनी डोनेशन भरून पोरं घातली. बायकांनी पाटल्या मोडल्या. २०१२ मध्ये राज्यातली शिक्षकभरती थांबली आणि वर्षामागून वर्षं तशीच गेली. त्यातला एक मुलगा कर्जाचं पासबुक घेऊन माझ्यासमोर बसायचा. चांगला शिकवणारा होता, हे त्याच्या बोलण्यावरूनच कळायचं. तो मोबाइलच्या दुकानात काम करत होता आणि दर महिन्याला पाचशे, सातशे असं जमेल तेवढं भरायचा. त्यानंही पगार पाहूनच शिक्षण निवडलं होतं.

आता तुझ्या भूगर्भशास्त्राकडे येतो. गेल्या दिवाळीत तू मनसरहून आणलेला तो काळा दगड माझ्या हातात दिलास आणि एवढासा तुकडा इतका जड का, मॅंगनीज तिथंच का सापडतं, यावर बोलत राहिलीस. चहा निवून गेला तरी तुझं लक्ष नव्हतं. कुणी न सांगता माणूस ज्याबद्दल वाचतो त्यात तो मधल्या रांगेच्या पुढे जाऊ शकतो, आणि पुढच्या रांगेत बसणाऱ्याला कमी चलतीच्या विषयातही बरं मिळतं. माझ्या खात्यांमध्ये हे मी पुष्कळ वेळा पाहिलं. गणित तुला येतं, पण तू ते पेपर संपला की मिटून ठेवतेस. दगडाचं तसं नाही.

तरी त्यातलं कडू तेही ऐक. नुसत्या बी.एस्सी.वर कमाई फार थोडी. एम.एस्सी. धरून पाच वर्षं काढायची तयारी हवी. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा असते. निवड झाली तर गट ‘अ’, मूळ पगार ५६,१०० आणि त्यावर भत्ते. पण देशभरात जागा थोड्या, कधीकधी शंभरही नाहीत. एकट्या त्या परीक्षेच्या भरवशावर पाच वर्षं लावू नकोस. शिवाय काम म्हणजे महिनोन् महिने कॅम्प, उन्हातान्हात पायपीट. हे तुला चालणार आहे का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही.

आपल्या गावाचा एक फायदा मात्र नागपूरकरच विसरतात. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. वेस्टर्न कोलफील्ड्स तिथंच. मॅंगनीज काढणारी मॉइल कंपनी काटोल रोडवर. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आणि खनिजं शोधणारी सरकारी कंपनी एमईसीएल. केंद्रीय भूजल मंडळाचं विभागीय कार्यालयही शहरातच. मुंबई-पुण्याच्या मुलीला जे शोधत यावं लागेल ते तुला सिटी बसनं गाठता येतं. इथल्याच टाकळीच्या जीवाश्मांबद्दल हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकातच लिहून ठेवलंय. हिस्लॉप कॉलेज त्याच हिस्लॉपच्या नावाचं. आणि २०१९ पासून तांत्रिक व देखरेखीच्या कामांवर बायकांना भूमिगत खाणीतही दिवसपाळीत उतरता येतं. तुझ्या आधीच्या मुलींना ते दार बंद होतं.

कम्प्युटर बाबांना हवं आहे तर तेही यात बसतं. जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, उपग्रहचित्रांचा अभ्यास आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी, हे बी.एस्सी.पासूनच शिकायला लाग. हेच काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आपल्याच शहरात आहे. सरकारी जागा निघाल्या नाहीत तर भूजल, पाणलोट, नकाशांची खासगी कामं यांवर पोट भरता येईल एवढं हत्यार हाताशी राहील.

माझं मत विचारशील तर मॅनेजमेंट कोट्याचं सीट घेऊ नका. कॅपमध्ये फीमाफीसह एखादी शाखा लागली आणि ती तुला झेपणारी असेल तर तिचा विचार कर, नाहीतर भूगर्भशास्त्र घे, पण एम.एस्सी.पर्यंत जायचं ठरवूनच. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी दोन कामं उरक. लॉ कॉलेज चौकातल्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात जा, आणि शेवटच्या वर्षाच्या चार-पाच मुलांना भेटून मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, किती पगारावर लागली आणि कोण अजून घरी बसलंय ते विचार. घरी बसलेल्यांचं विशेष विचार. दुसरं, त्या कॉलेजकडून चार वर्षांच्या फीचा लेखी तक्ता आण, डेव्हलपमेंट फी आणि वसतिगृह धरून. रविवारी कळमना बंद असेल तर बाबांनाही घेऊन ये, आपण तिघं बसून आकडे लावू.

तुझा,
काका