व्हर्ना टर्बो की व्हर्टस जीटी? पंधरा मिनिटांत कसं ठरवायचं?

प्रश्न : व्हर्ना १.५ टर्बो आणि व्हर्टस जीटी १.५, दोन्ही ऑटोमॅटिक, यांत मन अडकलंय. महिन्यातून दोनदा जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्याला जाणं होतं. शोरूमवाले पंधराच मिनिटं गाडी देतात. एवढ्यात फरक कसा ओळखावा?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : व्हर्नाची ताकद १६० पीएस आणि ओढ (टॉर्क) २५३ न्यूटन मीटर, व्हर्टसची १५० आणि २५०. एवढ्यावरून काही ठरत नाही. फरक हातापायांनाच कळतो, तोही दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तेवढीच माणसं बसवून चालवल्या तर.

निघण्याआधी टायरची हवा पाहा. योग्य आकडा दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. डेमो गाडीत ३८-४० पीएसआय ठासलेली असली, तर ती उगाच कडक वाटते आणि दोष सस्पेन्शनच्या माथी जातो. हवा थंड टायरमध्येच मोजा. गाडी फिरून आली की आकडा तीन-चारने वाढतो.

पहिल्या झटक्याला भुलू नका. ॲक्सिलरेटर जरा दाबताच उसळणारी गाडी जोरकस वाटते, पण पुढे ओढ तेवढीच असते. शोरूमजवळच्या एखाद्या मोकळ्या चढावर, मागे-पुढे वाहन नसताना, नॉर्मल मोडमध्ये तिसरा गिअर हाताने धरा. वेग ४० असताना पाय दाबा, शेजारच्याला ८० पर्यंतचे सेकंद मोजू द्या. पूर्ण दाबल्यावर गिअर आपोआप उतरला, तर पाऊणच दाबून पुन्हा करा. पाय दाबल्यापासून ओढ लागेपर्यंतचा खंड म्हणजे टर्बो लॅग. चोर्ल्यात ट्रकला ओलांडताना हाच खंड आडवा येतो.

वळणात गाडी कलली तर चालेल. कलून पुन्हा डोलते का, ते बघा. घाटात एक वळण संपायच्या आत दुसरं येतं, तिथे डोलणाऱ्या गाडीत मागच्यांना मळमळतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरच्यांना मागे बसवा आणि तिलकवाडीच्या रेल्वे गेटाचे रूळ २० च्या वेगाने ओलांडा. दोन्ही गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात, वळायचं कामही त्याच चाकांचं. वळण सुटायच्या आत पाय दाबला की नाक बाहेर जातं. कणकुंबीच्या पावसात तर हमखास.

व्हर्टसच्या डीएसजीचा, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, क्लच कोरडा आहे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तो तापतो आणि हिसके देतो. ब्रेकवर थांबा, पुढे जागा झाली की निघा. डेमो गाडी गर्दीत पाच-सहा वेळा थांबवून-उचलून हिसका येतो का, हे पाहाच.

तुमचा रस्ता घाटाचा, म्हणून आमचा कल व्हर्टसकडे. कोल्हापूर-पुणे हायवेच जास्त असता, तर व्हर्ना सुचवली असती.

प्रश्न : गाडी कोल्हापुरात घेतली तर?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : तात्पुरत्या नोंदणीवर आणा आणि चिकोडी आरटीओत कर्नाटकचा केए-२३ नंबर घ्या. महाराष्ट्राचा नंबर घेऊन इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवली, तर पुन्हा नोंदणी आणि कर्नाटकचा कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज, वेगळे हेलपाटे.