आधी खोली, मग कुकर

ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्टला मास्टर्ससाठी निघतोयस आणि तीन गोष्टी विचारल्यास: कुकर न्यावा का, पार्टटाइम कामावर खर्च निघेल का, आणि खोली तिथे पोचून शोधली तर चालेल का. कुकर ने, फक्त इंडक्शनवर चालणारा घे. खोलीचं मात्र ‘पोचल्यावर बघू’ करू नकोस.

जर्मनीत नव्या जागेत राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. हे आनमेल्डुंग. त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि चार दिवस मित्राच्या सोफ्यावर झोपणाऱ्याला तो सहसा कोणी देत नाही. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो कामावर दिला नाहीस तर सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड, कर कापला जातो. पोस्टपेटीवर स्वतःचं नाव लगेच चिकटव. नाव नसलं तर पत्र परत जातं, आणि बरंचसं सरकारी काम तिथे अजून पत्रांवरच चालतं!

म्हणून प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी स्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्या-खाण्याची सोय बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाला अर्ज टाक. रांग लांब असते. सोबत शेअरिंगच्या खोल्याही बघत राहा. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भर, चावी कुरियरने पाठवतो’ असं म्हणणारा भेटेलच. त्याला उत्तरसुद्धा देऊ नकोस. खरं डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असतं.

पैशांचं म्हणशील तर सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठराविकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. स्टुटगार्टसारख्या महाग शहरात ते जेमतेम पुरतात. त्यात स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग आपल्याकडच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो फी घेतं. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरचा हिशोब त्या कमाईवर मांडू नकोस.

कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन टाळू नकोस. गोदामातल्या पार्टटाइम कामाला मोडकंतोडकं खपतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तेव्हा तिथल्या बऱ्याच मधल्या आकाराच्या कंपन्या मुलाखत जर्मनमध्येच घेतात. पुण्यात आहेस तोवर मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या जमेल तेवढ्या पायऱ्या उरकून घे. लेक्चर, काम आणि स्वयंपाक सांभाळून तिथे क्लास करणं माझ्या ओळखीतल्या फार थोड्यांना जमलंय.