सिसिलीत 8 दिवस, सोबत आई-बाबा: इतिहास पाहायचा तर कसं आखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन सिसिलीला 8 दिवस जाताय, तिघांनाही इतिहासाची आवड आहे, आणि एजंटने 7 रात्रींत 6 हॉटेलं आणि 11 ठिकाणं बसवून दिली आहेत. जमेल का, आणि गाळायचं झालं तर काय गाळावं?

जमेल हो. एजंट लोक तेवढं जमवतातच. पण रोज सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी उपसायच्या, यात आई-बाबांच्या लक्षात राहील ती फक्त हॉटेलांची लिफ्ट. इटलीचं हे बेट दिसतं लहान, पण पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढं होईल साधारण तेवढं आहे, आणि मधला भाग डोंगराळ. मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला अख्ख्या बेटाला प्रदक्षिणा घातली आणि पस्तावलो. दुसऱ्या खेपेला तीनच मुक्काम केले. तेच सांगतो.

पालेर्मोला उतरा, पूर्व किनाऱ्यावरच्या कातानियाहून परत निघा. तिकीटच तसं काढा, म्हणजे उलटं यावं लागत नाही. पालेर्मो 3 रात्री, अग्रिजेंतो 1, सिराकूझा 3. झालं.

पालेर्मोला 3 रात्री का? कारण इथे अरब होते (831 पासून), मग 1072 मध्ये नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सकडचे ख्रिश्चन लढवय्ये, आले, आणि या नव्या राजांनी आधीच्यांना हाकलून न देता कामाला लावलं. हे वाचून कळतं, पण पटतं ते कापेला पालातिनात उभं राहिल्यावर. राजवाड्यातलं हे खासगी प्रार्थनाघर दुसऱ्या रॉजर या नॉर्मन राजाने बांधवलं, 1140 च्या सुमारास. भिंतींवर बायझंटाईन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या) कारागिरांचं सोनेरी मोझाइक, बारीक तुकडे जडवून केलेली चित्रं, त्यात ग्रीक आणि लॅटिन अक्षरं. आणि वर छत बघाल तर मधाच्या पोळ्यासारखी खाली लोंबणारी लाकडी कोनाड्यांची नक्षी, थेट मशिदीत शोभेल अशी, अरबी अक्षरांसकट. त्या कोनाड्यांत बारीक चित्रं आहेत: वाद्यं वाजवणारे, पेला हातात घेऊन बसलेले, बुद्धिबळ खेळणारे. चर्चच्या छतावर! खालून मान मोडली तरी नीट दिसत नाहीत, म्हणून छोटी दुर्बीण न्याच. माझ्या बायकोने पक्षी बघायची नेली होती, ती आम्ही आळीपाळीने तासभर वापरली. त्याच वाड्यात सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे काही दालनं कामकाजाच्या दिवशी बंद असतात. आणि रविवारी सकाळी कापेलात प्रार्थना असते. दिवस ठरवताना एवढं बघा.

याच रॉजरच्या पदरी अल-इद्रिसी नावाचा अरब भूगोलतज्ज्ञ होता. त्याने 1154 मध्ये जगाचं वर्णन लिहून पूर्ण केलं आणि त्यात आपल्या किनाऱ्यावरचं एक बंदर येतं, मोठ्या खाडीवरचं, जवळच्या डोंगरात बांबू आणि वंशलोचन मिळणारं. अभ्यासक ते ठाणं मानतात. ठाण्याच्या माणसाने पालेर्मोत एवढी फुशारकी मारायला हरकत नाही. मी मारली.

झीसा हा जुना उन्हाळी वाडा बहुतेक सहलींत नसतो, तुम्ही घाला. तिथे 1149 सालचा एक संगमरवरी दगड आहे, एका धर्मगुरूने आपल्या आईच्या, ॲनाच्या, आठवणीसाठी करवलेला. मजकूर चार प्रकारे कोरलाय: लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी. प्रत्येक मजकुरात सालही आपापल्या कालगणनेचं. एका आईसाठी चार पंचांगं. दगड छातीशी धरता येईल एवढाच, पण अख्ख्या पालेर्मोत मला सगळ्यात जास्त तोच आठवतो.

पालेर्मोजवळच्या मोनरेआलेला अर्धा दिवस लागेल. तिथल्या कॅथेड्रलमधलं मोझाइक प्रचंड आहे, साडेसहा हजार चौरस मीटरच्या आसपास, पण कापेला बघून झाल्यावर डोळे जरा भरलेले असतात. तिथे मला शेजारचं अंगण जास्त भावलं. 228 जोडखांब, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर वेगळं कोरीव काम.

खाण्याची काळजी तुम्ही विचारली नाहीत, पण आई विचारतीलच. पालेर्मोच्या बल्लारो बाजारात 'पानेले' मागा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घट्ट शिजवायचं, थापायचं, गार झालं की वड्या पाडून तळायच्या. म्हणजे पाटवडीच की! फोडणी नाही, लसूण नाही, वर लिंबू पिळतात, आणि तीळ लावलेल्या पावात घालून देतात. सोबत बटाट्याचे तळलेले गोळेही त्याच पावात मिळतात. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ बरं आहे, मिरची विसरले." तिथल्याच गाड्यांवर प्लीहा (जनावराच्या पोटातला एक अवयव) घातलेला पावही मिळतो, तेव्हा शाकाहारी असाल तर बोट दाखवून मागू नका, नाव घेऊन मागा.

अग्रिजेंतोत एकच काम: ग्रीक देवळं. टॅक्सीने वरच्या, म्हणजे जुनोच्या देवळाकडच्या दारापाशी उतरा आणि उताराने खाली या. बाबांचे गुडघे दुवा देतील. दुपारी चारनंतर जा, तेव्हा दगड मधाच्या रंगाचा होतो. कॉन्कॉर्डियाचं देऊळ जवळपास अखंड उभं आहे, कारण सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं. आतल्या भिंतींना पाडलेल्या कमानी अजून दिसतात. त्याच्याहून कितीतरी मोठं झ्यूसचं देऊळ मात्र जमीनदोस्त आहे. त्याचा कुणालाच उपयोग नव्हता, तेव्हा अठराव्या शतकात त्याचे दगड खालच्या बंदराच्या धक्क्याला वापरले.

अग्रिजेंतोहून सिराकूझाला जाताना एक दिवस चालकासकट गाडी करा आणि वाटेत पियात्सा अरमेरिनाजवळचा रोमन वाडा बघा. खर्च होईल, पण करा. चौथ्या शतकातली जमिनीवरची चित्रं, साडेतीन हजार चौरस मीटर. बाराव्या शतकात दरड कोसळून चिखलाखाली गेली म्हणून टिकली. शिकारीचा एक लांबलचक पट्टा आहे, साठेक मीटरचा. त्यात घोडेस्वार वाघिणीचं पिल्लू पळवतोय आणि वाघीण वाटेत टाकलेल्या काचेच्या गोळ्यातलं स्वतःचं प्रतिबिंब पिल्लू समजून थबकली आहे. त्याच पट्ट्याच्या टोकाला एक सावळी स्त्री हातात हस्तिदंत घेऊन बसली आहे, बाजूला हत्ती आणि वाघ. ती भारत की आफ्रिका, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाघ बघून मी माझं मत ठरवलं.

सिराकूझात ओर्तिजिया या जुन्या बेटावरच राहा, सगळं चालत होतं. तिथल्या कॅथेड्रलच्या समोरून थेट आत शिरू नका. आधी डाव्या हाताच्या गल्लीत जा. चर्चच्या भिंतीतून जाडजूड ग्रीक खांब अर्धे बाहेर आलेले दिसतील. ते इ.स.पू. 480 नंतर बांधलेल्या अथेनाच्या देवळाचे. ग्रीकांनी खांबांमध्ये जागा मोकळी सोडली होती, ख्रिश्चनांनी ती चिणून भिंत केली. मधल्या काळात अरबांनी त्या चर्चची मशीद केली. दर्शनी भाग 1693 च्या भूकंपानंतरचा, अगदी नटवा. एकाच भिंतीला हात लावत चालायला पाच मिनिटं लागतात. शहराबाहेरच्या दगडखाणीही बघा. इ.स.पू. 413 मध्ये सिराकूझावर चालून येऊन हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना तिथे डांबलं होतं. आता तिथे लिंबाची झाडं आहेत.

जवळचं नोतो हे त्याच भूकंपानंतर नव्याने बांधलेलं गाव अर्ध्या दिवसात होतं. ताओर्मिना हे किनाऱ्यावरचं पर्यटकांचं गाव गाळा, महाग आहे आणि गर्दीही फार. एटना ज्वालामुखी कातानियाला जाताना दिसेलच.

एक चूक माझी, तुम्ही करू नका. बसच्या वेळापत्रकात 'फेरिआले' लिहिलेलं असतं. मला वाटलं, सणासुदीची जादा बस असेल. त्याचा अर्थ कामाचे दिवस, शनिवार धरून. रविवारचं 'फेस्तिवो'. अग्रिजेंतोच्या थांब्यावर रविवारी मी दोन तास बसलो, शेवटी एका आजींनी खिडकीतून हात हलवून आज काही येणार नाही असं कळवलं. तेव्हा रविवार पालेर्मोत किंवा सिराकूझात येईल असं बघा, प्रवासात नको.