बोटात अंगठी की बोटावर? मुलांना वर-खाली-आत शिकवताना

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी केजीत, इंग्रजी शाळा. शाळेतून इन-ऑन-अंडरचा चार्ट आलाय आणि तो घरी मराठीत समजावताना ताईंनी सांगितलं ऑन म्हणजे वर, इन म्हणजे आत. आता पोरगी म्हणते "आजीच्या बोटावर अंगठी", "पायावर चप्पल", आणि वरून "टेबलच्या वर पुस्तक", "झाडवर पक्षी". आजी हसते, शाळेतल्या टीचर म्हणतात घरी भाषांची सरमिसळ कमी करा. तर बरोबर काय, आणि शिकवायचं कसं?

ताई, पहिल्यांदा सांगते की पोरीचं काही बिघडलेलं नाही, तिने तुमचाच नियम प्रामाणिकपणे लावलाय. ऑन म्हणजे वर, अंगठी ऑन आहे, मग बोटावर! लॉजिक एकदम पक्कं. गडबड त्या "ऑन म्हणजे वर" मध्ये आहे. हे शब्द एकास एक जुळतच नाहीत, आणि केजीच्या वयाला जुळवायची गरजही नाही.

आपण मराठीत अंगावर घालायच्या गोष्टींना काय म्हणतो बघा. बोटात अंगठी, पायात चप्पल, गळ्यात हार, कानात कुड्या, नाकात नथ, हातात बांगड्या, अंगात सदरा. खरं बघायला गेलं तर बोट अंगठीत जातं, अंगठी बोटात नाही जात, पण मराठीला त्याचं काही पडलेलं नाही. भोवती बसणारी वस्तू असली की आपण "त" लावून मोकळे होतो. चिकटवायची किंवा बांधायची गोष्ट असेल तर "ला" येतो, म्हणजे कपाळाला टिकली, कमरेला पट्टा. आणि नुसती टेकलेली असेल तर "वर", डोक्यावर टोपी. चष्मा डोळ्यावर पण चालतो आणि डोळ्याला पण चालतो, टिकली कपाळावर म्हटली तरी कोणी अडवणार नाही, तेव्हा हे काही कायद्याचं कलम नव्हे, पण साधारण कल असाच आहे. इंग्रजी यातल्या बहुतेकांना एकटा ऑन लावते. म्हणजे इथे आपली मराठी जास्त बारकाईने बघते आणि पोरगी बिचारी इंग्रजीच्या एका शब्दावरून मराठीचे तीन गाठायला निघालीय.

झाडाचंही तसंच. झाडाला आंबे, झाडावर माकड. आपल्याला इथे दोन वेगळी रूपं लागतात कारण आंबा झाडाचाच आहे, माकड बाहेरून येऊन बसलंय. इंग्रजीत पण दोन वेगळे शब्द लागतात, पण ते आंब्याला ऑन आणि माकडाला इन लावतात, माकड झाडाच्या फांद्या-पानांच्या आत आहे असं त्यांना दिसतं. आता "इन म्हणजे आत" शिकलेलं पोर "झाडात माकड" म्हणालं तर दोष कुणाचा? आमच्या घरी पोरांना हे शिकवायचं तर मी माडापाशी घेऊन जाते. माडाला नारळ, माडावर पाडेली (नारळ पाडणारा), माडाखाली कुणी उभं राहायचं नाही. एका दमात तिन्ही होतात आणि तिसरं तर पोरं जन्मात विसरत नाहीत.

आता "टेबलच्या वर" बद्दल. यात दोन गोष्टी एकात एक अडकल्यात, सोडवून सांगते.

एक म्हणजे "वर" आणि "च्या वर". वस्तू टेकलेली असेल तर सरळ "वर" जोडायचा, पाटावर गणपती. मध्ये मोकळी जागा असेल, वस्तू टांगलेली असेल, तर "च्या वर", म्हणजे गणपतीच्या वर माटोळी. चवथीला हे अगदी डोळ्यांसमोर दाखवता येतं, खाली पाटावर मूर्ती आणि वर लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तवसं, तोरिंजण असं सगळं लटकतंय. "गणपतीवर माटोळी" म्हटलं की कानाला लगेच कसंसंच होतं, वाटतं पडली की काय. इंग्रजीत हा फरक ऑन आणि अबव्ह करतात, आपण तोच "च्या" घालून करतो. तरी कडक नियम समजू नका. "डबा कपाटाच्या वर ठेव" आपण सगळेच म्हणतो आणि डबा तिथे टेकलेलाच असतो, तिथे "च्या वर" म्हणजे अगदी माथ्यावर. म्हणून "टेबलच्या वर पुस्तक" ऐकून मी पोरीला टोकणार नाही, आपण पुढच्या वाक्यात सहज "हो, टेबलावर आहे" म्हणायचं, बस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तिच्याकडे आईबाप बघतच नाहीत. मराठीत वर, खाली, मागे, मध्ये हे नामाला नुसते चिकटत नाहीत, आधी नाम बदलतं. घोडा, पण घोड्यावर. पाणी, पण पाण्यात. झाड, पण झाडावर. विहीर, पण विहिरीत. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात आणि मागे लागणाऱ्या शब्दांना शब्दयोगी अव्यय (शाळेत घोकलेलं असेल, विसरला असाल तरी हरकत नाही). पण इंग्रजीतून आलेली नामं आपण बोलताना बऱ्याचदा बदलतच नाही, फोनवर, बसमध्ये, स्टेशनवर, बॉक्समध्ये. फोनावर म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटायचाय. आता तुमच्या पोरीच्या दिवसभराच्या वस्तू बघा, टेबल, बॉक्स, बॅग, टॅब, बेड, सगळी बोलताना बऱ्याचदा न बदलणारी नामं. तिने त्यावरून नियम काढला की नाम तसंच ठेवायचं आणि पुढे वर लावायचा, म्हणून "झाडवर". घोळ प्रीपोझिशनचा नाहीच, सामान्यरूपाचा आहे, आणि त्यावर चार्ट घोकून काही उपयोग नाही. त्यावर उपाय म्हणजे खेळताना मराठी नामं जास्त आणा. उशीखाली काय आहे, पिशवीत काय आहे, दारामागे कोण लपलंय, घोड्यावर कोण बसलंय, पाण्यात काय बुडालं. लपाछपी खेळताना तर हे शब्द आपोआप शेकड्याने येतात.

टीचरच्या सरमिसळीच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. आपल्याकडे गोव्यात किती घरांत बोलायला कोकणी, वाचायला मराठी पेपर आणि शाळा इंग्रजी, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आणि कोकणी-मराठीचा साचा या बाबतीत एकच आहे, दोन्हीकडे शब्द मागे लागतो आणि दोन्हीकडे आधी नाम बदलतं. टेबलावर, मेजार. टेबलाखाली, मेजा पोंदा. शब्द वेगळे, बांधणी तीच, त्यामुळे पोराला तिसऱ्या भाषेचं ओझं वगैरे काही होत नाही. उलट एखादी गोष्ट कोकणीत जास्त सोपी असते. मामाच्या घरी असण्याला मराठीत "मामाकडे" म्हणायचं, पण "माझ्याकडे पैसे आहेत" मध्ये पण तोच "कडे" आणि "माझ्याकडे बघ" मध्ये पण तोच. कोकणीत "मामागेर" म्हटलं की घर आलंच, दुसरा अर्थच नाही. मला तर मराठीने हा "गेर" उसना घ्यावा असं फार वाटतं, पण माझं कोण ऐकतंय.

अभ्यासाच्या बाजूने एक आधार देते म्हणजे टीचरनाही सांगता येईल. जुडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी १९७९ साली इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या लहान मुलांची तुलना केली होती, पाच वर्षांच्या आतली मुलं. चारही भाषांत क्रम साधारण सारखाच निघाला, आधी आत, वर, खाली, शेजारी, नंतर मध्ये, पुढे, मागे. त्यातही ज्या वस्तूला स्वतःचं तोंड आणि पाठ नाही तिच्या पुढे-मागे सगळ्यात शेवटी. आणि तुर्की भाषेत आपल्यासारखेच हे शब्द नामाच्या मागे लागतात. स्लोबिन यांचं म्हणणंच असं होतं की मुलं शब्दाच्या शेवटाकडे कान देतात, म्हणून मागे लागणारी रूपं त्यांना लवकर पकडता येतात. म्हणजे मराठी-कोकणी घरातल्या पोराची सुरुवात कठीण वाटेने होतेय असं समजायचं काही कारण नाही.

यातून चार्टबद्दल एक तक्रार निघतेच. बहुतेक चार्टांत एक खोका आणि एक चेंडू किंवा मांजर असतं. आत, वर, खाली इथपर्यंत ठीक. मग "खोक्याच्या पुढे" येतं आणि खोक्याला पुढचं-मागचं असतं कुठे? काढणाऱ्याने आपल्या बाजूला पुढे म्हटलं, पोराने दुसरी बाजू धरली, लाल फुली. पुढे-मागे शिकवायला स्कूटर घ्या, कुत्रा घ्या, देऊळ घ्या, ज्यांना तोंड आहे अशा गोष्टी. मंगेशीला गेलात तर देवळासमोर तो सात मजली दीपस्तंभ आहेच. आणि तिथेच हळूच समोर आणि पुढे यांतला फरकही कानावर घालता येतो. देवळासमोर दीपस्तंभ, पण दर्शनाच्या रांगेत आपल्यापुढे आजोबा. समोर म्हणजे तोंडाच्या दिशेला, पुढे मात्र क्रमाने आधी असलेल्यालाही म्हणतात. इंग्रजी दोन्हीला इन फ्रंट ऑफ म्हणते, चालायचंच.

आणि काही ठिकाणी तर्क लावूच नका. "गाडी दारात उभी आहे", "दारात तुळस", यातलं दार म्हणजे चौकट नव्हे, घरापुढची जागा. आपण "समुद्रावर जाऊया" म्हणतो तेव्हा कोणी लाटांवर चालत नाही, "विहिरीवर" म्हणजे विहिरीच्या काठाला. शब्दशः इंग्रजी केलं की गाडी दरवाज्यात अडकते आणि अख्खं कुटुंब पाण्यावर तरंगतं. असे प्रयोग पोरं ऐकून ऐकून उचलतात, समजावून नाही.

आता घरी नेमकं काय करायचं. मराठीत सुरुवात सुट्या शब्दांनी झालेलीच असते, वर ये, खाली बस, आत ये, बाहेर जाऊ नको. हे पोराला बोलायच्या आधीपासून कळतं. तिथून नामाला जोडायचं, सोप्यावर (ओसरीतल्या बाकावर) बस, बाल्कांवात (ओसरीत) ये, आजोबांच्या मागे लप. प्रत्येक वेळी नाम आणि शब्दयोगी एकत्र, अख्खं रूप, "वर म्हणजे काय सांग बघू" असली परीक्षा नको. इंग्रजी चार्ट करायला बसलात की तेवढा वेळ इंग्रजीच बोला, द रिंग इज ऑन द फिंगर म्हणा आणि बोट दाखवा, मध्ये मराठी अर्थ सांगू नका. चित्र बघून तिला कळतंच. तिने स्वतःहून विचारलं की मराठीत काय, तर अख्खं वाक्य सांगा, "आजीच्या बोटात अंगठी आहे", सुटा शब्द नाही.

शेवटचं तुमचं विचारणं होतं लिहिताना जोडायचं की तोडायचं. मराठीत जोडूनच लिहायचं, टेबलावर, दारामागे, पिशवीमध्ये. हिंदीची पुस्तकं पण घरात असली तर पोरं "टेबल पर" बघून मराठीतही तोडायला लागतात, तेवढं लिहायचं वय आलं की लक्ष ठेवा. "गणपतीच्या वर" सारखं "च्या" आलं की मात्र वर सुटा राहिला तरी चालतो, बहुतेक जण तसंच लिहितात.