व्हीलचेअरवर बसून वजन उतरवताना

प्रश्न : माझे वय ४२ असून मी नाशिकमध्ये सिडकोत राहतो. पाच वर्षांपूर्वी अपघातात डी-१२ मणक्यापाशी (छातीमागच्या भागातला शेवटचा मणका) मज्जारज्जूला इजा झाली आणि तेव्हापासून व्हीलचेअर वापरतो. वजन ६८ किलोंवरून ८६ वर गेले आहे. मला गाडीत बसवताना पत्नीची कंबर धरते. रात्रीचे जेवण बंद करून दोन महिन्यांत दहा किलो उतरवावे, असे एका मित्राने सुचवले आहे. तसे करावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे मुळीच करू नका. वजन उतरवण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, घाई मात्र धोक्याची आहे. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि दिवसभर ज्या बैठकीच्या हाडांवर तुम्ही बसता त्यांच्यावरचे आवरण पातळ झाले, शिवाय पोटात प्रथिने कमी गेली, तर तिथे दाबव्रण (सततच्या दाबाने होणारी जखम) होण्याची आणि तो महिनोन्‌महिने न भरण्याची भीती असते. म्हणून रोज रात्री आरशात किंवा पत्नीच्या मदतीने ती जागा पाहा. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर त्या जागेवर बसणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पायांचे मोठे स्नायू वापरात नसल्याने तुमच्या शरीराची उष्मांकांची गरज पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली आहे, त्यामुळे पूर्वीइतकेच जेवूनही वजन वाढते. यात तुमचा आळस नाही. रोजच्या आहारातून सुमारे २५० कॅलरी कमी केल्या तरी महिन्याला साधारण एक किलो उतरू शकतो, आणि तुमच्यासाठी हाच वेग बरा. तेलाच्या एका चमच्यात चाळीसेक कॅलरी असतात, तेव्हा कपात तिथून सुरू करा. मिसळ सोडायची गरज नाही. मटकी भरपूर घ्या, वरचा तेलकट रस्सा आणि फरसाण कमी करा, दोन पावांऐवजी एक खा. अंडी, डाळ, दही, उसळ यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत हवेच. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी मात्रेविषयी विचारा. लघवीसाठी वारंवार कॅथेटर (नळी) घालावा लागतो म्हणून अनेक जण पाणी तोडतात. तसे केल्याने मूत्रसंसर्ग आणि बद्धकोष्ठता, दोन्ही वाढतात.

व्यायामाबाबत माझा आग्रह खांद्यांसाठी आहे, कारण तुमचे चालणे आता त्यांच्यावरच आहे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे, किंचित धाप लागेल इतक्या वेगाने खुर्ची चालवणे किंवा हाताने फिरवायची सायकल, आणि दोन दिवस रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम, एवढ्याने सुरुवात पुरे. चाक ढकलताना छातीचे स्नायू आधीच राबतात. पाठीचे दुबळे राहिले की खांदा दुखू लागतो. खांदा दुखत असताना रेटू नका, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, म्हणून व्यायाम सकाळीच उरका.

वजन मोजण्यासाठी धान्याच्या दुकानातला प्लॅटफॉर्म काटा चालेल. आधी खुर्चीसकट मोजा, नंतर रिकामी खुर्ची मोजून वजा करा. महिन्यातून एकदा पुरे. चार-पाच किलो उतरले की कुशन आणि बैठकीची रुंदी तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्या, कारण सैल झालेल्या खुर्चीत शरीर एका बाजूला कलते आणि सगळा भार त्या एकाच हाडावर येतो.