घर सोडून मैत्रिणीबरोबर राहायचं आहे. बडोद्यात पोलीस परत आणून बसवतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २४, कारेलीबागेत आई-वडिलांकडे राहता, मकरपुऱ्याला नोकरी. जिच्यावर प्रेम आहे ती २६ वर्षांची, गोत्रीला भाड्याने राहते. घरी कळलंय, रोज फोन तपासला जातो, मुलगा बघायचं घाटतंय आणि "डॉक्टरकडे नेऊन बरं करू" असंही बोलणं झालंय. निघून गेलात तर पोलीस परत आणतील का, दोघींना एकत्र राहता येईल का, आणि मदत कोणाची घ्यायची.

एकत्र राहता येईल. वयाची १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध घरी नेऊन सोडायचा अधिकार पोलिसांना नाही आणि आई-वडिलांनाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने नवतेज जोहर खटल्यात सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. म्हणजे तुम्ही गुन्हा करत नाही, हे मनात पक्कं करून मगच पुढचं वाचा. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने लग्नाचा हक्क दिलेला नाही. कायदा तुम्हाला दोन स्वतंत्र सज्ञान बायका म्हणून ओळखतो, जोडपं म्हणून नाही. नवरा-बायकोला लग्नाच्या एका दाखल्यावर जे आपोआप मिळतं, ते तुम्हाला वेगवेगळ्या कागदांवर एकेक करून मिळवावं लागणार. त्यातले निम्मे कागद घर सोडायच्या आधीच व्हायला हवेत, कारण नंतर ते हाती लागत नाहीत.

पहिलं काम आधारचं. घरातल्या बऱ्याच मुलींच्या आधारला वडिलांचा मोबाईल नंबर जोडलेला असतो. तुम्ही बाहेर पडून बँकेत खातं उघडायला गेलात की ओटीपी बाबांच्या फोनवर जातो, आणि तुम्ही कुठल्या वेळी काय करताय ते त्यांना कळतं. आधार केंद्रात स्वतः जाऊन नंबर बदला. बोटांचे ठसे लागतात, वेगळा पुरावा लागत नाही. मग पगाराच्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, यूपीआय आणि ईमेलचा पासवर्ड बदला. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, पॅन, पासपोर्ट आणि पदवीची प्रमाणपत्रं मूळ स्वरूपात ऑफिसात किंवा विश्वासाच्या माणसाकडे हलवा. सगळी एकदम उचलू नका, कपाट रिकामं दिसतं. वयाचा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा, पोलीस तोच आधी मागतात.

दुसरं काम दागिन्यांचं. मुलगी गेल्यावर "सोनं घेऊन पळाली" ही तक्रार इतक्या वेळा होते की ती होणारच असं धरून चाला. आजीने दिलेल्या पाटल्या तुमच्या असल्या तरी आत्ता सोडा. निघायच्या दिवशी कपाटातल्या दागिन्यांचा आणि रोख रकमेचा फोटो काढा आणि तो लगेच मैत्रिणीला आणि वकिलांना पाठवा. पाटल्या नंतर रीतसर मागता येतील. चोरीच्या तक्रारीत अडकलात तर सगळं लक्ष तिकडेच जाईल.

तिसरं काम पत्राचं. "मी अमुक, जन्मतारीख अमुक, सज्ञान आहे. मी स्वतःच्या मर्जीने घर सोडून राहायला जात आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, पळवलेलं नाही. घरातून फक्त माझे कपडे आणि कागदपत्रं घेतली आहेत. मी हरवलेली नाही. माझ्या घरच्यांकडून मला आणि माझ्या मैत्रिणीला त्रास होण्याची भीती आहे, संरक्षण मिळावं." एवढंच लिहा, संबंधांचा तपशील नको. पत्र गुजरातीत असू द्या, कारण ठाण्यातला सगळा व्यवहार गुजरातीत चालतो आणि मराठी किंवा इंग्रजी पत्र "नंतर वाचू" म्हणून बाजूला पडतं. तीन प्रती करा: घराच्या हद्दीतलं पोलीस ठाणं, जिथे राहायला जाताय ते ठाणं आणि पोलीस आयुक्त. वयाच्या पुराव्याची झेरॉक्स जोडा. हाताने दिलंत तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्र निघायच्या दिवशीच द्या. आठवडाभर आधी दिलंत तर ठाण्यातून घरी फोन जाण्याची शक्यता असते.

यानंतर आई-वडील बहुधा ठाण्यात जाणवाजोग, म्हणजे मुलगी बेपत्ता असल्याची नोंद, करतील आणि तुम्हाला फोन येईल. इथे बऱ्याच मुली घाबरून ठाण्यात जातात आणि तिथे मामा, काका, शेजारी सगळे जमलेले असतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे तपासातल्या चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी येऊन विचारायचं असतं. तेच नम्रपणे सांगा, महिला पोलीस असाव्यात असंही सांगा. ठाण्यात जायचंच ठरवलंत तर वकिलांबरोबर आणि दिवसा जा. जबाबात तीनच गोष्टी याव्यात: वय, स्वतःची मर्जी, परत जायचं नाही. जबाब गुजरातीत लिहिला जाईल. मराठी शाळेत शिकल्यामुळे गुजराती लिपी अडखळत वाचत असाल तर पूर्ण वाचून दाखवायला लावा, आणि सही मागितली तर त्यानंतरच करा. "मैत्रिणीने पळवलं" या आरोपात दम नसतो. अपहरणाला जबरदस्ती किंवा फसवणूक लागते, आणि तुमच्या जबाबात दोन्ही नाही.

ठाण्यातल्या "समझोत्यात" एक कागद हमखास पुढे येतो, तो म्हणजे हक्क-कमीचा. "जा हवं तिथे, पण घरातला हिस्सा सोड." थकलेल्या माणसाला ते सोपं वाटतं. सही करू नका. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, आणि पेपरात "आमचा हिच्याशी संबंध नाही" अशी जाहीर नोटीस दिल्याने तो जात नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ते कोणालाही देऊ शकतात, ती गोष्ट वेगळी.

निघायच्या आधीच कोंडून ठेवलं तर? तो गुन्हा आहे. तीन दिवस किंवा जास्त कोंडलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि जबरदस्तीने लग्न लावायला पळवून नेलं तर दहा वर्षांपर्यंत. १८१ वर अभयम या महिला हेल्पलाइनची गाडी बोलावता येते. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी नाही, मुलगीही वडील, भाऊ आणि आईविरुद्ध त्यात संरक्षण मागू शकते. मैत्रिणीलाही मार्ग आहे. ती गुजरात हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावणारा अर्ज, दाखल करू शकते, तिथे त्याला स्पेशल क्रिमिनल अॅप्लिकेशन म्हणतात. ११ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने देवू नायर प्रकरणात अशा अर्जांसाठी नियमच घालून दिले: न्यायाधीशांनी मुलीशी एकांतात बोलावं, घरच्यांना बाहेर ठेवावं, तिचा कल बदलण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नये, संरक्षण मागितलं तर लगेच द्यावं. या निकालाची प्रत वकिलांच्या फायलीत आहे ना, हे विचारून घ्या. गुजरात हायकोर्टाने तर त्याआधीच, २०२० मध्ये, एकत्र राहणाऱ्या दोन महिला पोलीस कर्मचाऱ्यांना संरक्षण द्यायला सांगितलं होतं.

डॉक्टरबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तिथे माया आणि जबरदस्ती एकाच गाडीत बसून येतात. समलिंगी असणं आजार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २५ ऑगस्ट २०२२ ला राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना कळवलंय की ते "बदलण्याचे" उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. पण कौन्सिलकडची तक्रार नंतरची, आधी दाखल होणं टाळायला हवं. त्यासाठी मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम १४ वापरा. साध्या कागदावर लिहा, "माझी नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून मी अमुक यांची नेमणूक करते", खाली सही आणि तारीख. स्टॅम्प नको, नोटरी नको. तुमच्या संमतीशिवाय दाखल करायचा अर्ज याच प्रतिनिधीला करता येतो. नेमणूक नसेल तर तो मान नातेवाईकांकडे जातो, म्हणजे ज्यांची भीती आहे त्यांच्याकडेच. हा कागद आज रात्री लिहा, फोटो मैत्रिणीला पाठवा आणि मूळ प्रत ऑफिसात ठेवा.

आता एकत्र राहण्याचं. दोघींचं नाव घालून ११ महिन्यांचा भाडेकरार करा, एकटीच्या नावावर नको. घरमालकाला भाडेकरूंची नोंद ठाण्यात करावी लागते, ती करायला लावा. तीच पुढे तुमचा पत्त्याचा पुरावा होते. गुजरातेत जुना रिवाज असलेला मैत्रीकरार, म्हणजे एकत्र राहण्याचा लेखी करार, कोर्टाबाहेरचे नोटरी लगेच सुचवतील. तो केल्याने लग्न होत नाही, वारसा मिळत नाही, एकमेकींवर हक्क निर्माण होत नाही. राजीखुशीने एकत्र राहतोय याचा तारीखवार पुरावा एवढाच त्याचा उपयोग. करायचा तर जरूर करा, पण "आता कायदेशीर झालं" असं सांगून कोणी मोठी रक्कम मागितली तर उठून या.

बँकेत जोड खातं उघडा, "आयदर ऑर सर्व्हायवर" पद्धतीचं, म्हणजे दोघींपैकी कोणीही एकटी चालवू शकेल असं. काउंटरवर "रक्ताचं नातं लागतं" म्हणाले तर ते चुकीचं आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदाराबरोबर जोड खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कसलीच आडकाठी नाही. ते पत्रक छापून न्या. नात्याच्या रकान्यात "मैत्रीण" लिहिलं तरी चालतं. त्याच सुमारास रेशनकार्डावर अशा जोडीदारांना एक कुटुंब धरावं असंही राज्यांना कळवलं गेलं. पीएफचं मात्र वेगळं आहे. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर तिथे त्यांनाच नेमावं लागतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे उचलते आणि वारस येऊन मागतात. तुम्ही अविवाहित गेलात तर हिंदू वारसा कायद्याने सगळं आई-वडिलांकडे जातं. म्हणून मृत्युपत्र दोघींनी लगेच करा, वय लहान असलं तरी. स्टॅम्प ड्युटी लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही, पण भांडणाची शक्यता असेल तिथे सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं बरं. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांत मैत्रीण नको, कारण जिला मिळणार तीच साक्षीला असली की वारसांना संशय घ्यायला जागा मिळते. डॉक्टरचं "मनःस्थिती ठीक" असं प्रमाणपत्र त्याच तारखेचं जोडा. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणारी बेशुद्धीत जाऊन निर्णयाला असमर्थ झाली की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. पुढे फ्लॅट घ्याल तेव्हा एक फायदा आहे. गुजरातेत खरेदीदार फक्त बायका असतील तर १ टक्का नोंदणी फी माफ असते.

माणसांचं आता. विकल्प ही बडोद्यातली बायकांची संस्था प्रेम करणाऱ्या बायकांबरोबर आणि ट्रान्स पुरुषांबरोबर पुष्कळ वर्षं काम करते. तुमच्या प्रश्नासाठी पहिला फोन तिथे. राजपीपळ्याच्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी २००० मध्ये सुरू केलेला लक्ष्य ट्रस्ट मुख्यतः पुरुष आणि ट्रान्स व्यक्तींसाठी आहे. ट्रान्स व्यक्तींसाठीचं इथलं गरिमा गृह हे निवारागृह तेच चालवतात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर दिवाळीपुऱ्याच्या जिल्हा न्यायालयात कायदेविषयक सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. मन फार खचलं तर १४४१६ टेलिमानस, मराठीतूनही बोलता येतं.

आईसाठी वेगळं सांगते. तिला आत्ता कायदा ऐकवू नका, तिच्या भाषेत बोलणारी दुसरी आई भेटवा. स्वीकार हा अशाच मुलामुलींच्या पालकांचा गट आहे, त्यात मराठी आयाही आहेत. पुण्याच्या समपथिक ट्रस्टने या विषयावर मराठीत बरंच वाचायला दिलंय. हे तुम्ही सुरक्षित जागी पोचल्यावर, महिन्या-दोन महिन्यांनी.

आणि वरचे नंबर, मैत्रिणीचा, वकिलांचा, १८१, सगळे एका चिठ्ठीवर लिहून ऑफिसच्या ओळखपत्राच्या पाकिटात, कार्डाच्या मागे घालून ठेवा. फोन काढून घेतला तर यांतला एकही नंबर पाठ नसतो.